63 हजार वस्तीच्या गावाचा फुटबॉल क्लब पैसे आणतो कुठून? मिरासॉलचा हिशेब

ब्राझीलच्या साओ पावलो राज्यात, राजधानीच्या शहरापासून सुमारे साडेचारशे किलोमीटर आत मिरासॉल नावाचं गाव आहे. वस्ती 63 हजारांच्या आसपास. फर्निचरचे कारखाने, आसपास उसाची शेतं, आणि पंधराएक किलोमीटरवर साओ जोझे दो रिओ प्रेतो हे मोठं शहर. या गावाचा क्लब 2025 साली पहिल्यांदाच देशाच्या पहिल्या विभागात खेळला आणि 20 संघांत 67 गुणांसह चौथा आला. त्याच्या वर होते ते फक्त फ्लामेंगो, पाल्मेइरास आणि क्रुझेइरो. घरच्या मैदानावर हंगामभर तो एकही सामना हरला नाही. चौथ्या क्रमांकामुळे 2026 च्या कोपा लिबेर्तादोरेसमध्ये, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या सर्वांत मानाच्या क्लब स्पर्धेत, त्याला थेट गटसाखळीत जागा मिळाली. क्लबची स्थापना 9 नोव्हेंबर 1925 ची, त्यामुळे हे सगळं झालं ते शंभराव्या वर्षी.

चमत्कार म्हणून टाळ्या वाजवायला हरकत नाही. पण फुटबॉल संघाला दर महिन्याला पगार द्यावे लागतात, आणि मिरासॉलच्या 'मायाओ' मैदानात जेमतेम 15 हजार माणसं मावतात. मैदान भरायचं तर गावातल्या दर चार माणसांतल्या एकाने यायला हवं. मग पैसा येतो कुठून? आणि ब्राझीलमधल्या इतर शेकडो छोट्या क्लबांकडे तो का येत नाही?

आधी वेळापत्रक

ब्राझीलच्या फुटबॉलमध्ये दोन शिड्या शेजारी शेजारी उभ्या आहेत. एक राज्याची. 26 राज्यं आणि एक राजधानी जिल्हा मिळून 27 राज्य स्पर्धा होतात, वर्षाच्या सुरुवातीला. दुसरी शिडी देशाची. तिच्यात चार विभाग. पहिल्या तिघांत प्रत्येकी 20 क्लब आणि चौथ्यात 2025 पर्यंत 64. वरचे तीन विभाग बढती-घसरणीने भरतात. चौथ्यात शिरायचं तर मुख्यतः राज्य स्पर्धेतल्या कामगिरीवर जागा मिळवावी लागते, आणि ती दरवर्षी नव्याने.

ज्या क्लबाला चारपैकी एकाही राष्ट्रीय विभागात जागा नाही, त्याचं वर्ष तीन-साडेतीन महिन्यांत संपतं. जानेवारीत सुरुवात, मार्च-एप्रिलमध्ये राज्य स्पर्धा उरकली की मैदानाला कुलूप. आपल्याकडच्या साखर कारखान्याचा गळीत हंगाम डोळ्यांसमोर आणा. हंगामी कामगार येतात, धुराडं पेटतं, ऊस संपला की सगळे पांगतात. फरक इतकाच की कारखान्याकडे निदान विकायला साखर उरते.

कायदाही याच चक्राशी जुळलेला आहे. ब्राझीलमध्ये व्यावसायिक फुटबॉलपटूचा करार कमीत कमी तीन महिन्यांचा आणि जास्तीत जास्त पाच वर्षांचा असू शकतो. तीन महिन्यांची ती खालची मर्यादा छोट्या क्लबांत नेहमीची गोष्ट झाली आहे. पगाराचं म्हणाल तर ब्राझीलच्या फुटबॉल महासंघाने 2016 साली स्वतःच जाहीर केलेल्या आकड्यांनुसार नोंदणीकृत व्यावसायिकांपैकी 80 टक्क्यांहून अधिक जण महिन्याला 1000 रेआल (रेआल हे ब्राझीलचं चलन) किंवा त्याहून कमी कमावत होते. नेमार आणि विनिसियसच्या देशातला सर्वसाधारण व्यावसायिक फुटबॉलपटू हा असा आहे.

तीन महिन्यांच्या कराराचं काय होतं हे मिरासॉलनेच 2020 साली अनुभवलं. मार्चमध्ये कोविडमुळे राज्य स्पर्धा थांबली आणि थांबलेल्या काळात करार संपत गेले. जुलैमध्ये स्पर्धा पुन्हा सुरू झाली तेव्हा क्लबाकडचे 18 खेळाडू निघून गेले होते. सापडतील ते नवे खेळाडू आणि घरची पोरं घेऊन संघ उपांत्यपूर्व फेरीला मोरुम्बीवर उतरला आणि बलाढ्य साओ पावलो क्लबला त्याच्याच मैदानात 3-2 असं हरवून बसला. निकाल अजून आठवला जातो. मला त्यातला 18 हा आकडा जास्त बोलका वाटतो. ज्याच्याकडे वर्षभराचं वेळापत्रक नाही, त्याला वर्षभराचे करार परवडत नाहीत, आणि करार नसले की संघ हातातून निसटायला एक अडथळा पुरतो.

पायऱ्या चढल्या म्हणजे मिळालं काय?

त्याच 2020 च्या हंगामात मिरासॉलने चौथा विभाग जिंकला (कोविडमुळे अंतिम सामने फेब्रुवारी 2021 मध्ये झाले). 2022 मध्ये तिसरा विभाग जिंकला. 2023 मध्ये दुसऱ्या विभागात सहावा आणि 2024 मध्ये सान्तोसच्या मागे दुसरा. शापेकोएन्सेला घरी 1-0 हरवून बढती पक्की केली.

दर पायरीवर करंडकापेक्षा मोलाचं मिळालं ते कॅलेंडर. चौथ्या विभागात लवकर बाद झालात तर काही आठवड्यांत घरी. दुसऱ्या आणि पहिल्या विभागात मात्र 38 सामने ठरलेले, त्यातले 19 घरच्या मैदानावर. मग खेळाडूला दोन-तीन वर्षांचा करार देता येतो. करार लांब असेल तरच त्याला विकताना किंमत मिळते, कारण सहा महिन्यांत मोकळा होणाऱ्या माणसासाठी कोण कशाला पैसे मोजेल? छोट्या क्लबाचं सगळं अर्थकारण या एका साखळीवर उभं आहे: वेळापत्रक, मग लांब करार, मग विक्री. पहिली कडी नसेल तर पुढचं काहीच होत नाही.

तिकिटं, टीव्ही आणि बाकीचं

तिकिटांवर क्लब चालत नाही, हे वर आलंच. टीव्हीचा पैसा मोठा, पण तो कसा वाटला जातो यावर छोट्याचं नशीब ठरतं. 2025 पासून ब्राझीलच्या क्लबांनी प्रक्षेपण हक्क दोन गट करून विकले. मिरासॉल ज्या गटात आहे, त्या लिगा फोर्ते उनियाओमध्ये 45 टक्के रक्कम सगळ्यांना सारखी, 30 टक्के गुणतालिकेतल्या स्थानानुसार आणि 25 टक्के प्रेक्षकसंख्येनुसार वाटली जाते. प्रेक्षकांच्या भागात 63 हजारांच्या गावाला कोरिन्थियन्ससारख्या बड्या क्लबासमोर काय मिळणार? पण सारख्या वाट्यात तो कोरिन्थियन्सच्या बरोबरीचा, आणि चौथा आल्यावर स्थानाच्या वाट्यात पुढे.

साओ पावलो राज्यात असणं हीदेखील मोठी लॉटरी आहे. या राज्याच्या पहिल्या विभागाची स्पर्धा देशातल्या राज्य स्पर्धांत सर्वांत श्रीमंत आहे, आणि तिथे चार बड्या क्लबांविरुद्ध खेळायला मिळतं. ईशान्येकडच्या किंवा ॲमेझॉनकडच्या एखाद्या तितक्याच नीट चालवलेल्या क्लबाला ही सुरुवातच मिळत नाही. मिरासॉलचं कौतुक करताना हे कुणी फारसं सांगत नाही.

खेळाडू 'विकला' म्हणजे नेमकं काय विकलं?

माणूस विकला जात नाही, हे उघड आहे. पूर्वी ब्राझीलमध्ये 'पासे' नावाची पद्धत होती. करार संपला तरी खेळाडूचा पास क्लबाच्या ताब्यात राही आणि तो सोडवल्याशिवाय खेळाडूला दुसरीकडे जाता येत नसे. 1998 च्या पेले कायद्याने ती मोडीत काढली, आणि 2001 पासून तो बदल प्रत्यक्षात आला.

आता दोन गोष्टी वेगळ्या धरायच्या. पहिली, नोंदणीचा हक्क: खेळाडू महासंघाच्या दप्तरात कुठल्या क्लबाच्या नावावर आहे. हा एका वेळी एकाच क्लबाकडे असतो, त्याचे तुकडे होत नाहीत. दुसरी, आर्थिक हक्क: चालू करार मोडून तो दुसरीकडे गेला तर येणाऱ्या रकमेतला वाटा. याचे मात्र तुकडे होतात. पूर्वी एजंट, गुंतवणूकदार, सुपरमार्केटवालेसुद्धा हे तुकडे विकत घेत. फिफाने मे 2015 पासून बाहेरच्यांना असा वाटा घेण्याची बंदी केली. पण खेळाडू देणारा क्लब स्वतःकडे हिस्सा ठेवू शकतो.

छोट्या क्लबाची शहाणी विक्री याच हिश्श्यावर होते. समजा 17 वर्षांचा विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेने चढाई करणारा खेळाडू, आहे. मोठा क्लब म्हणतो, पाच लाख युरो घ्या आणि पूर्ण द्या. छोटा क्लब म्हणतो, दोन लाख द्या, पण पुढच्या विक्रीतले 20 टक्के आमचे. तीन वर्षांनी तो युरोपात एक कोटी युरोला गेला तर छोट्याला 20 लाख मिळतात. नाही गेला तर तीन लाखांचं नुकसान. हा जुगार खेळायला खिशात दोन वर्षांचे पगार हवेत. ज्याला याच महिन्याचे पगार द्यायचे आहेत तो पाच लाख घेऊन मोकळा होतो आणि नंतर टीव्हीवर आपल्या पोराला बघत बसतो.

मिरासॉलचं ठळक उदाहरण लुईझ आराउजोचं. मिरासॉलच्या युवा संघातून तो साओ पावलो क्लबात गेला आणि 2017 मध्ये फ्रान्सच्या लीलने त्याला घेतलं. मिरासॉलने हिस्सा राखून ठेवला होता. आलेल्या पैशातून क्लबाने सराव केंद्र बांधलं. त्या वेळी क्लब चौथ्या विभागातही स्थिर नव्हता, तेव्हा नामवंत पण उतरणीला लागलेले चार खेळाडू आणून राज्य स्पर्धेत धुरळा उडवण्याचा मोह होणं साहजिक होतं. तो टाळला, ही माझ्या मते मिरासॉलच्या कहाणीतली सर्वांत मोठी गोष्ट आहे, चौथ्या क्रमांकापेक्षाही.

करारात हिस्सा नसला तरी मिळणारे 5 टक्के

फिफाचा एक नियम आहे, त्याला एकजूट निधी म्हणू. करार चालू असताना खेळाडू पैसे मोजून एका देशातून दुसऱ्या देशात गेला, की त्या रकमेतले 5 टक्के बाजूला काढून त्याला 12 ते 23 या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटायचे. 12 ते 15 या चार वर्षांसाठी वर्षाला एकूण रकमेच्या 0.25 टक्के. 16 ते 23 या आठ वर्षांसाठी वर्षाला 0.5 टक्के. बेरीज बरोबर 5.

मुलगा 14 ते 17 अशी चार वर्षं गावच्या क्लबात होता असं धरू. 0.25, 0.25, 0.5, 0.5. एकूण दीड टक्का. एक कोटी युरोच्या व्यवहारावर दीड लाख युरो. आणि हे एकदाच नाही. तो पुढे पुन्हा पैसे मोजून देश ओलांडेल तेव्हा पुन्हा. आराउजो लीलहून अमेरिकेतल्या अटलांटाला आणि तिथून परत ब्राझीलमध्ये फ्लामेंगोला गेला. प्रत्येक वेळी त्याला लहानपणी घडवणाऱ्या क्लबांचा हक्क नव्याने उभा राहिला.

पैसे बुडतात ते बहुधा कागदावर. मुलगा रोज मैदानावर येत होता, पण त्याची नोंदणी महासंघाकडे केलीच नव्हती, किंवा तारखा चुकीच्या होत्या, तर ती वर्षं धरली जात नाहीत. करार संपून खेळाडू फुकट गेला तर रक्कमच शून्य, त्याचे 5 टक्केही शून्य. पूर्वी तर व्यवहार झाल्याचं छोट्या क्लबाला कळतच नसे, आणि दावा करायला दोन वर्षांची मुदत असे. नोव्हेंबर 2022 पासून पॅरिसमधल्या फिफा क्लिअरिंग हाऊसकडून ही रक्कम वळती केली जाते. खेळाडूचा इलेक्ट्रॉनिक पासपोर्ट तयार होतो, कोणत्या वर्षी तो कुठे नोंदलेला होता ते त्यात दिसतं. पण मूळ नोंदच नसेल तर यंत्रणा काय करणार?

हा नियम फिफाच्या सगळ्या सदस्य देशांना लागू आहे. त्यामुळे गोव्यातल्या किंवा कोल्हापुरातल्या संघांनीही मुलांची नोंदणी दरवर्षी, योग्य तारखेने, महासंघाच्या प्रणालीत करून घ्यावी. खर्च थोडा, आणि विसरलं तर ते वर्ष मागाहून भरून काढणं फार अवघड.

मोठे क्लब पोरं आधीच उचलून का नेत नाहीत?

नेतात की. कायद्याने थोडा आडोसा दिला आहे, पण त्याला भोकं आहेत.

ब्राझीलमध्ये 14 व्या वर्षापासून मुलाशी प्रशिक्षणाचा करार करता येतो आणि 16 व्या वर्षी पहिला व्यावसायिक करार. हा पहिला करार करण्याचा अग्रहक्क घडवणाऱ्या क्लबाला असतो. अट अशी की क्लबाकडे 'घडवणारा क्लब' असं महासंघाचं प्रमाणपत्र हवं. त्यासाठी डॉक्टर, दंतवैद्य, मानसोपचार, आहार, राहण्याची व्यवस्था, शाळेची हजेरी, आणि दिवसाला चार तासांपेक्षा जास्त सराव नाही, एवढं दाखवावं लागतं. मुलांना गॅलरीखालच्या खोलीत दाटीवाटीने ठेवणाऱ्या क्लबाला हे जमत नाही, आणि मग त्याचा मुलगा कुणीही उचलावा.

दुसरं भोक पगाराचं. करार मोडून जाणाऱ्या खेळाडूच्या बदल्यात द्यायच्या भरपाईवर कायद्याने देशांतर्गत मर्यादा घातली आहे: सरासरी मासिक पगाराच्या जास्तीत जास्त 2000 पट. परदेशी क्लबासाठी मर्यादा नाही. म्हणजे महिना 2000 रेआलवर असलेल्या हिऱ्याला ब्राझीलमधला कोणताही क्लब 40 लाख रेआल भरून उचलू शकतो, मग युरोपात त्याची किंमत काहीही असो. म्हणून हुशार क्लब पोरगा चमकू लागताच पगार वाढवून नवा करार करतो. पगार तिप्पट केला की देशातली भिंतही तिप्पट उंच होते. कंजुषी केली तर ती महाग पडते.

"मागे कुणी धनाढ्य मालक असणारच"

हा आक्षेप हमखास येतो आणि तो निराधार नाही. साओ पावलो राज्यातल्याच ब्रागान्तिनो क्लबाच्या मागे 2019 पासून रेड बुल ही पेयांची कंपनी आहे. शिवाय ऑगस्ट 2021 च्या 14.193 क्रमांकाच्या कायद्याने क्लबांना फुटबॉलपुरती वेगळी कंपनी काढायची मुभा दिली. तिला तिथे 'साफ' म्हणतात. जुनं कर्ज मूळ संस्थेकडे राहतं, कंपनीने आपल्या चालू उत्पन्नातले 20 टक्के त्या कर्जफेडीसाठी द्यायचे, आणि पहिली पाच वर्षं कर म्हणून महिन्याच्या जमेचे 5 टक्के भरायचे. क्रुझेइरो, बोताफोगो, वास्को या वाटेने गेले. वास्कोच्या अमेरिकी गुंतवणूकदाराची 2024 मध्ये दैना झाली आणि क्लब कोर्टात पोचला, तेव्हा कंपनी काढणं म्हणजे रामबाण उपाय नव्हे.

मिरासॉल 2025 चा हंगाम खेळला तो मात्र जुन्या पद्धतीची सभासदांची संस्था म्हणूनच. तिथल्या संघात रेइनाल्दो आणि गोलरक्षक वॉल्टर यांच्यासारखे पस्तिशीच्या आगेमागे असलेले, मोठ्या क्लबांत खेळून आलेले खेळाडू होते. त्यांच्यासाठी मोठी ट्रान्सफर फी लागत नाही, आणि पगार वेळेवर मिळतो ही गोष्ट ब्राझीलमध्ये खेळाडूला खेचायला पुरते. प्रशिक्षक राफाएल ग्वानाएस यांनी त्यांना आक्रमक खेळात बसवलं.

एक चुकीचा कागद, चार गुण

दप्तराचं काम छोट्या क्लबात अनेकदा अर्धवेळ माणसाकडे असतं. ब्राझीलमध्ये महासंघाच्या दैनिक पत्रकात नाव प्रसिद्ध झाल्याशिवाय खेळाडूला अधिकृत सामन्यात उतरवता येत नाही. करार झाला, वैद्यकीय तपासणी झाली, फोटो झाला, पण पत्रकात नाव नाही, तर तो खेळायला पात्र नाही. निलंबनाचंही तसंच. अपात्र खेळाडू उतरवला तर विजयाचे तीन गुण कापले जातात, शिवाय त्या सामन्यात मिळवलेलेही.

2013 मध्ये साओ पावलोच्या पोर्तुगेझा क्लबाने पहिल्या विभागाच्या शेवटच्या सामन्यात निलंबित एव्हर्तोनला उत्तरार्धात काही मिनिटांसाठी खेळवलं. सामना 0-0. तीन अधिक एक, चार गुण गेले. तेवढ्यामुळे पोर्तुगेझा दुसऱ्या विभागात घसरला आणि त्याच्याऐवजी फ्लुमिनेन्से हा क्लब वाचला. त्यानंतर पोर्तुगेझाची घसरण राष्ट्रीय विभागांच्या बाहेर जाईपर्यंत थांबली नाही.

हे टिकेल का?

पूर्वीचे दाखले उत्साह वाढवणारे नाहीत. साओ काएतानो 2000 आणि 2001 ला राष्ट्रीय उपविजेता, 2002 ला लिबेर्तादोरेसच्या अंतिम सामन्यात. सान्तो आंद्रे 2004 चा ब्राझील कप विजेता, तोही फ्लामेंगोला रिओच्या माराकाना मैदानावर हरवून. पुढच्याच वर्षी जुंदियाईचा पाउलिस्ता तोच कप घेऊन गेला. तिघेही साओ पावलो राज्यातलेच. आज त्यांच्यापैकी एकही पहिल्या दोन राष्ट्रीय विभागांत नाही.

घसरणीचं गणित चढणीसारखंच असतं, फक्त उलट्या दिशेने. विभाग गेला की टीव्हीचा वाटा त्याच वर्षी आटतो, पण करारातले पगार दोन-तीन वर्षं चालू राहतात. म्हणून घसरणीनंतर पगार आपोआप कमी होईल असं कलम करारात आहे का, हे पाहायला हवं. मिरासॉलसमोर आणखी एक अडचण आहे. लिबेर्तादोरेसमुळे मधल्या आठवड्यांत देशाबाहेरचे प्रवास आणि उंचावरची मैदानं वाढली, म्हणजे संघ मोठा हवा, आणि मोठा संघ म्हणजे नेमका तोच पगाराचा बोजा जो साओ काएतानोसारख्या त्या तिघांना झेपला नव्हता.

"मग राज्य स्पर्धा बंदच करून टाका ना"

मोठ्या क्लबांचे चाहते हे दरवर्षी म्हणतात. सामने फार होतात, खेळाडू थकतात, हे खरंही आहे. 2026 पासून महासंघाने राज्य स्पर्धांना कात्री लावली. साओ पावलोत पहिल्या फेरीतले सामने 12 वरून 8 वर आले, म्हणजे घरचे सहावरून चार. भरपाई म्हणून चौथा राष्ट्रीय विभाग 64 वरून 96 क्लबांचा केला.

ही अदलाबदल मला एकंदरीत बरोबर वाटते. वर्षातून एकदा पाल्मेइरास गावात येणं ही दिवाळी असली तरी तिच्यावर वर्ष निघत नाही, आणि चौथ्या विभागातल्या 32 जादा जागा म्हणजे 32 क्लबांच्या खेळाडूंना मार्चनंतरही पगार मिळण्याची शक्यता. फक्त चौथ्या विभागात प्रवास लांबचे आणि प्रेक्षक थोडे असतात. महासंघ प्रवासाचा आणि हॉटेलचा खर्च किती उचलतो यावर त्या 32 जागांचं खरं मोल ठरेल.